चावी वहिनींकडे

प्लग मी काढला होता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढची गोष्ट दुसऱ्या माणसाची आहे, आणि तिच्यात मी कुठेतरी शहाणपणा केला असेल अशा आशेने कुणी वाचत राहू नये.

पंधरा ऑगस्टला सोसायटीचं झेंडावंदन होतं. नवीन पनवेलमधली सात मजल्यांची आमची इमारत, आणि सेक्रेटरी मी. अध्यक्षांच्या भाषणासाठी माइक आणला, तर त्याची वायर पोचेल असा पॉइंट सापडेना. गेटजवळच्या वॉचमनच्या केबिनमध्ये भिंतीवर एक लाल पेटी होती. फायर अलार्मचं पॅनेल. तिची वायर खालच्या साध्या तीन पिनांच्या पॉइंटमध्ये खोचलेली. मी ती उपटली आणि माइकची लावली. अध्यक्ष चाळीस मिनिटं बोलले. मग जिलेबी होती. जिलेबीनंतर प्लग परत लावायचा असतो हे कुणाच्या लक्षात राहतं?

संध्याकाळी वॉचमन वर आला. "साहेब, पेटी चूंचूं करते."

मी खाली जाऊन ऐकलं. करत होती खरी. लाइट तुटल्यामुळे पॅनेल आतल्या बॅटरीवर आलं होतं आणि ते बिचारं जीव तोडून तेवढंच सांगत होतं. मला वाटलं, बिघडलं. छोट्या चावीने पेटी उघडली, आत दोन बॅटऱ्या दिसल्या, त्यांतल्या एकीची लाल वायर ओढली. पेटी गप्प झाली. वॉचमनने माझ्याकडे ज्या आदराने पाहिलं, तसं आमच्या घरात कुणी माझ्याकडे बघत नाही. त्या आदराला धक्का लागू नये म्हणून मी जास्त चौकशी न करता वर आलो. पुढे वॉचमनने पेटीवर कॅलेंडर टांगलं, आणि अठ्ठावीस कुटुंबं त्या कॅलेंडरच्या भरवशावर निवांत झोपू लागली.

आता काकांबद्दल.

लग्नानंतरची पहिली तीन वर्षं आम्ही जुन्या पनवेलमध्ये, तळ्यापलीकडे, काकांच्या माडीवर भाड्याने राहिलो. काका बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. भाऊ, पुतणे, स्वतःची दोन मुलं, सगळे एकेक करत इस्रायलला गेलेले. काकू वारलेल्या. काका मात्र राहिले. का राहिलात, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "तिकडे शनिवारी सगळं गावच बंद असतं म्हणे. मग मी बंद आहे हे कळणार कुणाला?"

त्यांच्या आजोबांचा तेलाचा घाणा होता. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. "आमचा बैलसुद्धा शनिवारी सुट्टीवर," काका सांगत. "बाकीच्या बैलांनी आजोबांकडे अर्ज केले होते." काकांनी घाणा सोडून वायरमनचं लायसन्स काढलं, पण शनिवार सोडला नाही. शुक्रवारी सूर्य बुडायच्या आत घरी. फोन बंद. त्यानंतर शनिवारी रात्री चांदण्या दिसेपर्यंत बटणाला हात नाही. अर्ध्या पनवेलच्या घरात दिवे लावलेला हा माणूस आठवड्यातला एक दिवस स्वतःच्या घरातला दिवा लावत नसे. लावायचा तो आधीच लावून ठेवायचा आणि विझवायचा तो विसरायचा.

एका शनिवारी सकाळी आम्ही दोघं बाजारात निघालो होतो. काका ओट्यावर बसलेले. म्हणाले, "आमच्या न्हाणीतल्या दिव्याचा काय उजेड पडतो बुवा! रात्रभर डोळ्यावर."

मी म्हटलं, "हो ना काका, हल्लीचे एलईडी चांगलेच निघालेत."

काका म्हणाले, "चांगलेच."

मी त्यांना एलईडी आणि जुन्या बल्बमधला फरक समजावू लागलो. वायरमनला! एवढ्यात बायको आत गेली, खट्ट आवाज झाला, आणि ती बाहेर आली. काकांनी तिच्याकडे बघितलंही नाही, कारण सांगून दिवा बंद करून घेणंही त्यांच्या नियमात बसत नसे. आभाळाकडे बघत एवढंच म्हणाले, "ऐकणारं माणूस घरात एक असलं तरी भागतं."

त्या दिवसापासून काकांचा माझ्यावरचा विश्वास आहे तेवढाच राहिला आणि बायकोवरचा वाढत गेला.

काम करताना काकांचा डावा हात पँटच्या खिशात असे. विजेच्या कामाला एकच हात घालायचा, म्हणजे झटका बसलाच तर तो एका हातातून शिरून दुसऱ्या हातातून, मधल्या काळजावरून जात नाही, हे त्यांचं शास्त्र. पण पन्नास वर्षांत ती सवय इतकी मुरली की लग्नाच्या पंगतीत वाढतानासुद्धा त्यांचा डावा हात खिशात. पाहुण्यांना वाटे, किती ऐटीत वाढतोय. कामाआधी अंगठी आणि घड्याळ काढून ते जेवणाच्या डब्यात ठेवत. एकदा भाजीतून अंगठी निघाली होती.

विजेला ते नुसतं 'ती' म्हणत. लाइट गेली की सगळे ओरडतात, गेली! काका म्हणत, "ती कुठे जात नाही. दाराआड उभी असते. तिला वाटलं तर ती येईल, तू बोलावलंस म्हणून नाही." आणि म्हणून त्यांचं एक ठाम मत होतं: वायर बंद आहे की चालू हे माणसाला विचारायचं नाही, वायरला विचारायचं. पेनासारखा जो टेस्टर असतो त्याच्यावरही त्यांचा भरवसा नव्हता. "तो कुणाकडेही बघून हसतो," म्हणत. त्यांच्याकडे होल्डरमध्ये बसवलेला एक बल्ब होता, दोन वायरी लोंबणारा. आधी तो चालू असलेल्या पॉइंटवर लावायचा. पेटला, म्हणजे बल्ब खरं बोलतोय. मग ज्या वायरला हात लावायचा तिच्यावर. नाही पेटला. मग पुन्हा चालू पॉइंटवर, कारण मधल्या वेळेत बल्बच उडाला असेल तर? तीनदा विचारल्याशिवाय त्यांनी कधी तांब्याला बोट लावलं नाही.

हीच तऱ्हा माणसांशी. काही खोदून काढायचं असलं की आधी ज्याचं उत्तर ठाऊक आहे असा प्रश्न. मग खरा प्रश्न. मग पुन्हा पहिला. "आज वार कोणता रे? ... माझी पक्कड तू नेलीस का? ... आज वार कोणता?" खरं बोलताना तोंड कसं दिसतं ते आधी बघून ठेवायचं, आणि मधल्या प्रश्नाला ते तसंच राहतं का ते पाहायचं. त्या पक्कडीच्या वेळी मधल्या प्रश्नाला मी 'नाही' म्हणालो आणि तिसऱ्या प्रश्नाला 'मंगळवार'. होता बुधवार.

त्यांची शेवटची तऱ्हा म्हणजे कुलूप. एक पितळी कुलूप, मुठीएवढं. काम सुरू करण्याआधी मेन स्विचचा दांडा खाली ओढायचा, त्याच्या भोकातून कुलूप घालायचं आणि चावी त्या घरच्या बाईच्या हातात द्यायची. स्वतःच्या खिशात नाही, कारण खिशातलं पडतं. घरच्या पुरुषाकडे तर मुळीच नाही. "पुरुषाला कुणीतरी येऊन सांगतं, झालं काम, आणि त्याला ते पटतं," काका म्हणत. बाईला मात्र बजावून सांगत, "वहिनी, मी स्वतः येऊन मागितल्याशिवाय द्यायची नाही. मी मेलो असं कुणी सांगितलं तरी आधी येऊन बघायचं."

गेल्या वर्षी अखेर मुलीच्या हट्टापुढे काकांचं काही चाललं नाही. इस्रायलला जाताना ते आमच्याकडे आले. कुलूप माझ्या हातात दिलं, चावी बायकोच्या. "दोन्ही एकाकडे ठेवू नका," म्हणाले. आता दर रविवारी त्यांचा व्हिडिओ कॉल येतो. तब्येत ठणठणीत आहे. नातवंडं त्यांना शनिवारच्या नियमांत चुका दाखवतात अशी त्यांची तक्रार आहे. आणि फोनवर त्यांना चालतं-बोलतं, चिडलेलं बघितलं की मी कॉल लवकर संपू देत नाही. का, तेच सांगायचं आहे.

ते जाण्याआधीच्या दिवाळीत तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत वाळत घातलेल्या चादरीवर कुणाचातरी बाण येऊन पडला. चादर पेटली, बादलीभर पाण्याने विझली, धूर जिन्यापर्यंत आला. कुणाला काही झालं नाही. पण सोसायटीच्या ग्रुपवर प्रश्न आला: अलार्म का नाही वाजला? मी हात जोडल्याची दोन चित्रं टाकली. पॅनेल बसवणारा कंत्राटदार उलव्याला गेला होता. तिथे इतक्या इमारती उठतायत की तो नेमका कुठल्या मजल्यावर आहे हे त्याच्या फोनलाही सांगता येईना. मीटिंगा झाल्या, डिसेंबर उजाडला, आणि शेवटी मी काकांना बोलावलं. तेव्हा त्यांनी बाहेरची कामं सोडली होती. "शुक्रवारी येतो," म्हणाले. "चारपर्यंत आटपू."

आले ते सकाळी आठला, आपल्या जुन्या स्कूटरवरून. मीटररूमच्या चौकटीला हात लावून बोटं ओठांना टेकवली. ही घराच्या दाराची सवय, तिथे चौकटीवर प्रार्थनेच्या ओळींची डबी ठोकलेली असते, पण आत 'ती' असली की प्रत्येक दार त्यांना सारखंच. मीटररूम मागे, जिन्याखाली. तिथला कॉमन मेन स्विच त्यांनी पाडला. आमच्या घरांतले दिवे त्यावर नव्हते, पण लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे बंद झाले. कुलूप लावलं. मग दोन जिने चढून आमच्या दारात आले आणि चावी बायकोला दिली, नेहमीच्या मंत्रासकट. तिने ती ओढणीच्या टोकाला बांधली. मी शेजारीच उभा होतो. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही.

मग काका पुढच्या केबिनमध्ये शिरले. पॅनेलच्या बाजूलाच कॉमनची मोठी पेटी आहे, मागच्या मेन स्विचमधून लाइट आधी तिथे येते आणि तिथून लिफ्टला, पंपाला, जिन्याला जाते. काकांचा बेत असा होता की त्या पेटीत जिथे लाइट शिरते, तिथूनच, सगळ्यांच्या आधी, पॅनेलसाठी स्वतंत्र लाल केबल आणि स्वतंत्र छोटा स्विच काढायचा. "लिफ्टचं काही जळलं, पंप बसला, तरी हिचं चालू राहिलं पाहिजे," म्हणाले. "आणि प्लग नको. प्लग असला की कुणीतरी गाढव काढतं."

मी म्हटलं, "बरोबर आहे."

दुपारी साडेतीनला मी चहा घेऊन गेलो तेव्हा त्यांनी पॅनेल उघडून ठेवलं होतं. चार वाजता उठायचं लक्षण दिसत नव्हतं. कंत्राटदाराने मेनची वायर आणि धुराच्या यंत्रांच्या बारीक वायरी एकाच भोकातून कोंबल्या होत्या, आणि पत्र्याच्या कडेने मेन वायरची साल निघालेली. काकांनी ती कापून टाकली होती. "ही परत लावली असती तर आग लागल्याचं सांगणारी पेटीच आग लावून मोकळी झाली असती," म्हणाले. मग चहाचा घोट घेतला. डावा हात खिशात.

"सेक्रेटरी, आज वार कोणता?"

मी म्हटलं, "शुक्रवार."

"बॅटरीची वायर आपण होऊन सुटत नाही. कुणी काढली?"

मी कॅलेंडरकडे बघितलं. ते खाली उतरवून ठेवलं होतं, ऑगस्टचं पान वर.

"मी काढली, काका. पंधरा ऑगस्टला. प्लगही मीच."

तिसरा प्रश्न त्यांनी विचारला नाही. नुसतं म्हणाले, "वर माणसं किती?"

"शंभराच्या आसपास."

"म्हातारी?"

मी मोजून सांगितलं, अकरा. सातव्या मजल्यावरच्या आजी अंथरुणावरच असतात हेही सांगितलं.

"म्हणजे चार महिने झाले. आणि मी आता उठलो तर आज रात्र, उद्याचा दिवस."

"राहू द्या काका, चार महिन्यांत नाही झालं काही. तुमचा शनिवार..."

त्यांनी कप खाली ठेवला आणि पुन्हा आत डोकं घातलं. ते थांबणार आहेत असं मला वाटलंच नाही. चाळीस-पन्नास वर्षांत जो माणूस शुक्रवारी एकदा थांबला नाही, तो माझ्या मूर्खपणासाठी थांबेल? मी मान खाली घालून वर आलो आणि पडलो. अपराधी माणसाला झोप फार गाढ लागते.

जाग आली ती फोनने. अध्यक्ष. आमची इमारत ज्या शेतावर उभी आहे ते त्यांचं, त्यामुळे त्यांचा आवाज अजून बांधावरून हाक मारल्यासारखा येतो.

"सेक्रेटरी! लिफ्ट कवा चालू व्हनार हाय?"

"का हो?"

"का काय का? पोरीला बघाया पावने येतात सातला. सहाव्या मजल्यावर! पोराच्या आयशीचे दोनी गुडघे बदलून झालेत. आमी काय डोली आनायची तिच्यासाठी?"

"बघतो, बघतो."

"बघू नका, चालू करा. तो तुमचा म्हातारा तर केवाच गेला. स्कूटर नाय त्याची खाली."

साडेसहा वाजत आले होते. बाहेर अंधार. गॅलरीतून वाकून पाहिलं, पार्किंगमध्ये स्कूटर खरंच नव्हती. केबिन आमच्या गॅलरीतून दिसत नाही. काकांना फोन लावला. बंद. मी बोटांवर हिशेब केला: सूर्य बुडाला, स्कूटर नाही, फोन बंद. शुक्रवार. याहून पुरावा तो काय लागतो? म्हातारबुवा काम संपवून घाईत निघाले आणि कुलूप काढायचं विसरले. आता चावी घ्यायची, मागच्या जिन्याने मीटररूममध्ये उतरायचं, दांडा वर करायचा. खाली जाऊन, केबिनपर्यंत चालून बघून यावं असं मनात आलं नाही असं नाही. पण लिफ्ट बंद होती ना! दोन मजले उतरायचे, पुन्हा चढायचे, पुन्हा चावी घेऊन उतरायचे.

बायको स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होती. काका गेलेत असं सांगितलं असतं तर तिने मंत्र म्हणून दाखवला असता: स्वतः येऊन मागितल्याशिवाय नाही. म्हणून मी सोपा मार्ग काढला.

"अगं, चावी दे. काकांनी मागवलीय."

"काकांनी?"

"हो."

"वर आले होते?"

"नाही, फोन आला."

तिने तव्यावरची भाकरी उलटली. "त्यांच्या फोनवरून?"

"हो, मग कुणाच्या?"

गॅस बंद केला, हात धुतले, ओढणीचं टोक मुठीत धरलं. "चला, मीच देते त्यांच्या हातात."

"तू कशाला? मी..."

"चला म्हटलं ना."

जिन्यात मी मोबाइलचा उजेड धरून पुढे, ती मागे. खाली अध्यक्ष उभेच होते, पांढऱ्या कडक कपड्यांत, घामाघूम. "आली का चावी? वैनी, द्या हिकडं, मीच करतो चालू. तो दांडाच वर करायचा हाय ना?"

"काका कुठे आहेत?" बायकोने विचारलं.

"अवो तो गेला, तुमाला सांगतोय काय मी! आज शुकरवार हाय."

ती मीटररूमकडे वळलीच नाही. सरळ पुढे, गेटकडे चालू लागली. केबिनचं दार बंद होतं. बाहेरच्या कडीला पुठ्ठ्याचा तुकडा लटकत होता, त्यावर काकांच्या वळणदार अक्षरात: 'माणूस आत आहे.' तिने दार ढकललं.

काका मोठ्या पेटीसमोर गुडघे टेकून बसले होते. कपाळाला पट्ट्याची बॅटरी. डावा हात खिशात. उजव्या हाताच्या चिमटीत उघडं तांबं, नेमकं तिथलं, जिथे मागचा दांडा वर केल्याक्षणी 'ती' येऊन उभी राहिली असती.

मी दाराची चौकट धरली. अध्यक्षांच्या तोंडून शब्द फुटेना, हे सोसायटीच्या इतिहासात पहिल्यांदा घडलं.

"कोण? वहिनी?" काकांनी मागे न बघता विचारलं. "दहा मिनिटं हं. वॉचमनला स्कूटर देऊन बाजारात पिटाळलाय, वायरच्या टोकाला बसवायच्या तांब्याच्या टोप्या कमी पडल्या. आला की आवळतो आणि संपलं."

"सावकाश होऊ द्या काका," बायको म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा होता. ओढणीच्या टोकाला मात्र तिने आणखी एक गाठ मारली.

काकांनी तांबं सोडलं आणि वळून आमच्याकडे पाहिलं. तिच्याकडे, मग माझ्याकडे, मग अध्यक्षांच्या कडक कपड्यांकडे. पन्नास वर्षं वायरी वाचलेला माणूस.

"वहिनी, कुणी चावी मागितली का?"

"नाही हो. लिफ्टला किती वेळ लागेल ते विचारायला आलो."

काका माझ्याकडे वळले. "आज वार कोणता, सेक्रेटरी?"

"शुक्रवार," मी म्हणालो.

पुढचा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही.

पाहुणे सातला आले. अध्यक्षांच्या दोन पुतण्यांनी पोराच्या आईला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून सहा मजले वर नेलं. बाई वाटेत प्रत्येक मजल्यावर हात हलवत होत्या. इतका मान आपल्याला कुठल्याच घरी मिळाला नाही, असं त्यांनी वर पोचताच जाहीर केलं. पुढे ते लग्न जमलंही.

खाली वॉचमन आला. काकांनी टोप्या बसवून वायरी आवळल्या, अर्थिंगची आधी, मग बाकीच्या, प्रत्येक ओढून बघितली. बॅटरीची लाल वायर, माझी वायर, जागेवर बसवली. मग बायकोच्या हातातून चावी घेतली आणि मागे जाऊन स्वतः दांडा वर केला. परत येऊन नवा छोटा स्विच दाबला. पॅनेलवर हिरवा दिवा लागला. तो हिरवा रंग मी अजून विसरलेलो नाही. मग त्यांनी तो स्विच मुद्दाम पाडला. पेटी बॅटरीवर गेली आणि चूंचूं करू लागली. "हे ती काय म्हणते?" काकांनी मला विचारलं.

"लाइट गेली म्हणते."

"आता कळलं. पाठ करून ठेव."

शेवटी घंटा वाजवून बघायची होती. अध्यक्ष हात जोडून आले, "काका, आताच चढवलीय वो बाईला, खाली पळंल ती!" तेव्हा आधी वॉचमनला मजल्यामजल्यावर सांगायला पाठवलं. मग सातही मजल्यांवर घंटा घणाणल्या. इतका कर्कश आवाज मी जन्मात ऐकला नव्हता, आणि मला तो थांबूच नये असं वाटत होतं.

स्कूटर काकांनी आमच्याकडेच ठेवली. चालत घरी निघाले. मी सोबत गेलो. डोक्यावरून नव्या विमानतळाकडे एक विमान खाली उतरत गेलं. मग मी म्हटलं, "काका, शनिवार मोडलात आमच्यासाठी."

"मोडला नाही. आजोबा सांगायचे, जिवाचा प्रश्न असला की शनिवार बाजूला सरकून वाट देतो. आज पहिल्यांदा सरकवला. जड असतो फार."

"मग फोन कशाला बंद केलात?"

"फोनवर कुणाचा जीव नव्हता."

रेल्वेच्या पुलाखाली मी थांबलो. "काका, मी मघाशी..."

"वायर बंद होती," काका म्हणाले. "मी स्वतः विचारलं होतं तिला. संपलं." आणि डावा हात खिशातून काढून माझ्या खांद्यावर ठेवला. तो हात मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणाच्या खांद्यावर पाहिला.

नव्या स्विचवर त्यांनी चिकटवलेली चिठ्ठी अजून आहे. 'फायर अलार्म. बंद करू नये. करायचाच असल्यास सेक्रेटरीला विचारू नये, त्याच्या बायकोला विचारावे.' अध्यक्षांनी ती ठरावाने मंजूर करून घेतली. विरोधात एकही मत पडलं नाही. माझंही नाही.

त्या रात्री घरी आलो तर ताट वाढलेलं. भाकरी गार झाली होती. मी दोन घास खाल्ले आणि सगळं सांगून टाकलं: काका गेले असंच मला वाटलं होतं, फोन मी लावला होता आणि तो बंद होता, आणि तरी मी तुला म्हणालो की त्यांचा फोन आला. म्हटलं, तू चावी दिली असतीस तर मी आज... तू होतीस म्हणून काका वाचले.

तिने पाण्याचा पेला पुढे सरकवला.

"असं चारचौघांत सांगत फिरू नका," ती म्हणाली. "शुक्रवारी सूर्य बुडाल्यावर काकांचा फोन आला म्हणता! माझ्यामुळे कुठले वाचतात ते? तुम्हाला धड खोटं बोलता येत नाही म्हणून वाचले. तेवढा एक गुण जपा."